ठकूबाई आणि खालची बाई

ठकूबाई रोज सकाळी उठल्या की चूळ भरायच्या, पदर खोचायच्या आणि तीन हजार वर्षांपूर्वी विझलेली एक चूल अजून गरम आहे का, ते बघायला जायच्या.

हे मी अलंकारिक बोलत नाही. स्वतः पाहिलेलं सांगतो आहे. शिरूर तालुक्यात इनामगावजवळ घोडनदीच्या काठाला पांढऱ्या मातीचं एक टेकाड आहे. त्याच्या पोटात फार जुनं गाव गाडलेलं आहे असं कळल्यावर पुण्याची विद्वान मंडळी तिथं तंबू ठोकून उकरायला बसली. साठीचं दशक सरत आलं होतं तेव्हा, एका हिवाळ्यात मीही त्या तळावर होतो. माझं काम चित्रं काढण्याचं. खापर सापडलं की त्याचं चित्र, भिंत सापडली की तिचा नकाशा. ठकूबाईंचं काम आम्हा बारा-पंधरा जणांना दोन वेळा जेवायला घालण्याचं.

सकाळी नदीवरचं धुकं चढून टेकाडावर बसलेलं असायचं. त्या धुक्यातून एक हिरवं लुगडं एकटंच खड्ड्याकडे जाताना दिसायचं. मातीत कोरलेल्या पायऱ्या उतरून ठकूबाई एका उघड्या पडलेल्या घराच्या जमिनीवर बसायच्या आणि लिंपलेल्या चुलीच्या काठावर उलटा हात ठेवायच्या. थोडा वेळ तसाच ठेवून वर यायच्या.

मी एकदा विचारलं, काय बघता?

"कुणी जाळ केला का बघती."

"मग, केला होता का?"

"आज न्हाई," त्या म्हणाल्या आणि पीठ चाळायला बसल्या.

त्यांचा तो 'आज' मला दिवसभर पुरला. खापरांची चित्रं काढताना दोनदा रेघ चुकली.

ठकूबाई पन्नाशीच्या पुढच्या, उंच, काटक, कपाळावर गोंदण. घराणं मेंढरांमागं फिरणारं. आता भावांनी नदीकाठी जमीन करून घर बांधलं होतं आणि नवरा वारल्यावर त्या भावाकडे येऊन राहिल्या होत्या. पण वयाची चाळीस वर्षं त्यांनी आज इथं तर परवा तिथं, तीन दगड मांडून स्वयंपाक केला होता. उतरलेल्या जागी आधी कुणी मुक्काम केला असेल तर तिथली राख पाहून त्या सांगत, किती माणसं होती, बाई आळशी होती की उरकती, आणि इथलं पाणी पिण्याजोगं आहे की नाही. पाण्याचं राखेवरून कसं कळतं, हे विचारण्यात अर्थ नसे. "चुलीला इचारा," एवढंच उत्तर मिळे. जेवण कधी होणार, ज्वारी किती आणायची, आज ढग आहेत तर पाऊस येईल का, सगळ्याला एकच. चुलीला इचारा.

त्या तळावर आल्या तीही एक हकीकतच आहे. पहिल्या महिन्यात आमच्याकडे पुण्याच्या एका हॉटेलात काम केलेला आचारी होता. त्याला वनस्पती तुपाशिवाय काही सुचत नसे. वांग्यावर बोटभर तवंग, डाळीवर तवंग, आणि उत्खननाच्या प्रमुखांचा, म्हणजे आमच्या साहेबांचा, वाढदिवस होता त्या दिवशी तर चहावरही तवंग होता असं आमचा मोघे शपथेवर सांगे. मोघे म्हणजे उत्खननाचं शास्त्र शिकायला आलेला चष्मेवाला विद्यार्थी. शपथेवर बोलण्याची त्याला सवय होती. तिसऱ्या आठवड्यात अर्धा तळ तांब्या घेऊन नदीकडे धावू लागला. आचारी स्वतः आजारी पडून गेला, तेव्हा गाडीवाले इस्माईलभाई म्हणाले, माझ्या माहितीत एक बाई आहे, चव सांगत नाही पण पोट सांभाळील.

माझं पोट त्याच्याही आधीपासून बिघडलेलं होतं. मी मूळचा दौंडचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला. पण दोन वर्षं पुण्यात खोली करून खानावळीचं खात होतो. छातीत सदा जळजळ. खिशात खाण्याच्या सोड्याची पुडी किल्लीसारखी बरोबर असायची.

ठकूबाईंनी आल्या दिवशी वनस्पती तुपाचे डबे इस्माईलभाईंना पाणी भरायला देऊन टाकले. ज्वारी, हुलगे, लसूण, मिरची आणि मीठ एवढं मागितलं. भाजीचं काय, असं साहेबांनी विचारलं तर म्हणाल्या, रानात उभी हाय. आणि होतीच. करडईचा पाला, चाकवत, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, शेवग्याची पानं. आम्ही ज्याच्यावरून चालत होतो त्यातलं निम्मं खाण्याचं आहे हे आम्हा शिकलेल्यांना माहीत नव्हतं.

एका जाळावर त्यांची पाच कामं होत. पुढं डाळ, मागच्या वैलावर, म्हणजे चुलीच्या जोडतोंडावर, भाजी, निखाऱ्यांवर भाकरी फुगवायची, राखेत कांदे पुरून ठेवायचे, आणि सगळं झालं की उरलेल्या धगीवर आमच्या अंघोळीचं पाणी. चार दिवसांत संपणारी लाकडाची मोळी आठवडाभर पुरू लागली. रेशनवर तेव्हा लाल मिलो, अमेरिकेहून आलेली हलकी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापतानाच तुटे आणि घशाखाली उतरत नसे. ठकूबाई मिलोत थोडी ज्वारी घालून कढत पाण्यात पीठ मळायच्या, झाकून ठेवायच्या, आणि भाकरी अशी करायच्या की मोघे चौथी मागून घेई आणि पहिली आहे असं शपथेवर सांगे.

मला त्यांनी वेगळं लावून दिलं. रोज सकाळी वाटीभर हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून, दळून, ते पीठ पाण्यात शिजवायचं, लसूण आणि जिरं ठेचून घालायचं, फुंकर मारत प्यायचं. दोन आठवड्यांनी सदरा धुवायला काढला तेव्हा खिशात सोड्याच्या पुडीचा झालेला दगड सापडला. तो कधीपासून तिथं होता हे मला आठवेना.

आता खालच्या बाईकडे वळतो.

तळावरच्या धान्याला किडा लागत असे. एके दिवशी पाहिलं तर ठकूबाईंनी तंबूमागं एक गुडघाभर खड्डा खणून, आतून मातीनं लिंपून, त्यावर राखेचा थर चोपला होता आणि ज्वारी त्यात ओतली होती. हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं मी विचारलं.

"खालच्या बाईनं."

मला वाटलं, गावातल्या खालच्या आळीची कुणी असेल. मी चौकशीही केली. असेच दहाएक दिवस गेले, आणि मग साहेबांनी त्या उघड्या पडलेल्या घराच्या अंगणातला एक खड्डा साफ करवला. आतून लिंपलेला. तळाशी राखेचा चोपलेला थर. साहेब हातातला कुंचा खाली ठेवून एकदा त्या खड्ड्याकडे आणि एकदा आमच्या स्वयंपाकाच्या तंबूकडे बघत राहिले. ठकूबाईंनी आपला खड्डा आधी केला होता.

तेव्हापासून खालची बाई, त्या गाडलेल्या घरातली, तळावर राहायलाच आली. खालची बाई डावरी होती, असं ठकूबाईंनी सांगितलं. त्या घरातला दळायचा दगड एका बाजूनं जास्त झिजलेला आहे, म्हणून. मोघे हसला. साहेबांनी मोजमाप घेतलं आणि शक्यता आहे असं म्हणाले. ठकूबाईंना ते लागलं. 'शक्यता' कशाची, तिलाच विचारा की, असं त्या दोन दिवस धुसफुसत होत्या. खालच्या बाईला फार तिखट चालत नसे. खालची बाई पाणी जपून वापरायची. खालच्या बाईनं आज काही केलं नाही, जीव बरा नसेल. हे सगळं डाळीला फोडणी देता देता, शेजारणीबद्दल बोलावं तसं. आम्ही हसायचो. हसून झाल्यावर मात्र खड्ड्याकडे पाठ करून बसायला कुणी तयार नसे, हेही खरं.

एका सकाळी धुकं फार दाट होतं. ठकूबाई खड्ड्यातून वर आल्या आणि मला म्हणाल्या, आज तिचं करपलं. मी कागद, फळी घेऊन खाली उतरत होतो. चुलीपाशी पोचलो आणि उभा राहिलो. धान्य तव्यावर जास्त झालं की येतो तसा वास तिथं होता. वर आमची चूल अजून पेटली नव्हती. नदीपलीकडं कुणी पाचट जाळलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण दवानं गवताची पाती वाकलेली होती आणि वारा नव्हता. त्या दुपारी त्याच चुलीच्या बगलेला, मातीत, मूठभर जव सापडले. कोळसा झालेले. मोघेनं ते पाकिटात भरले, वर नंबर घातला आणि रात्री जेवताना एकही शपथ घेतली नाही.

मध्ये दोन दिवसांची सुटी काढून मी दौंडला घरी गेलो. वडील रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा घालणारे. वेळी-अवेळी गाडीवर जायचे आणि ज्या स्टेशनात जे तळलेलं मिळेल ते खाऊन यायचे. मी आईला माडगं करून दाखवलं. हुलगे बैलांना घालतात, असं ती म्हणाली आणि नाक मुरडून वडिलांपुढं ठेवलं. वडील प्यायले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मागितलं. मग ज्वारीची भाकरी, पाल्याची भाजी आणि बाटलीत ताक, असा डबा इंजिनावर जाऊ लागला आणि म्हातारपणापर्यंत गेला. धान्याच्या कणगीला आतून राख चोपायलाही मी सांगितलं. त्या वर्षी दळणात किडा दिसला नाही. तुला हे कुणी शिकवलं, असं आईनं विचारलं. ठकूबाई म्हणून एक आहेत, एवढंच मी सांगितलं. ठकूबाईंना कुणी शिकवलं, ते आईला सांगण्याचा धीर झाला नाही.

परत आलो तेव्हा खड्ड्यातल्या त्या घराची चूल कापून बघणं चाललं होतं. बाहेर जुन्या, मोठ्या चुलीचं कडं होतं आणि त्याच्या आत, नंतर कधीतरी, लहान चूल लिंपलेली. मी ती नकाशात उतरवली आणि शेजारी 'चुलीची दुरुस्ती' असं लिहिलं. ठकूबाई पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि हंडा तिथंच ठेवला.

"ल्हान केली तिनं," त्या म्हणाल्या. "घरातलं एक तोंड कमी झालं."

त्या दिवशीच माझ्या ध्यानात आलं, की ठकूबाई त्या घरात सरळ चालत नाहीत. दाराजवळच्या एका कोपऱ्याला वळसा घालून भिंतीच्या कडेनं जातात. तिथं काहीच नव्हतं. सपाट, लिंपलेली जमीन. मोघे टेप घेऊन मापं घेत होता, तो नेमका त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

ठकूबाई हळूच म्हणाल्या, "तिथनं पाय काढा."

मोघेनं पाय काढला. शास्त्राचा अभ्यास करणारा माणूस, पण चटका बसावा तसा काढला. नंतर तो स्वतःवरच चिडला. पण हे सगळं खणणाऱ्या गड्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या घरात उतरायला कुणी तयार होईना. एक जण म्हणाला, कंबर धरली आहे. दुसऱ्याच्या घरी पाहुणे आले होते. तिसरा खरं बोलला. ती बाई जमिनीखालचं बघते, आम्हाला तिथलं काम नको.

काम थांबलं. साहेब मोठा शांत माणूस. त्यांनी ठकूबाईंना बोलावून, हात जोडून सांगितलं, की तुमच्या स्वयंपाकावर आम्ही जगतो आहोत, पण काही दिवस खड्ड्यात उतरू नका. ठकूबाई बरं म्हणाल्या. आठ दिवस त्या फिरकल्या नाहीत. जेवणाला तीच चव होती, भाकरी तशीच टम्म फुगत होती. पण त्या काही बोलत नव्हत्या. खालच्या बाईचं नावही नाही.

शेवटी साहेब, मोघे आणि मी, आम्ही तिघांनीच तो कोपरा उघडायला घेतला. सुरीनं आणि कुंच्यानं. वरचा लिंपलेला थर निघाला, त्याखाली भुसभुशीत माती, आणि वीतभर खाली एक करडी कड दिसली. दुपारपर्यंत दोन मडकी मोकळी झाली. आडवी ठेवलेली, तोंडाला तोंड लावून. साहेबांनी वरच्या फुटक्या भागातून माती काढली आणि थांबले. आत हाडं होती. माझ्या करंगळीपेक्षा बारीक. साहेबांनी डोक्यावरची हॅट काढली आणि म्हणाले, वर्षाचंही नसेल.

खड्ड्याच्या काठावर गडी उभे होते. एकेक करून वळले आणि गेले.

त्या संध्याकाळी तळावर कुणालाच भूक नव्हती. मोघेचं डोकं दुखत होतं. बाकीच्यांनी बिस्किटांचे पुडे फोडले होते आणि तंबूत बसून ती भिजवायला चहा नाही म्हणून कुरकुरत होते; कारण चहाही ठकूबाईंच्याच हातचा. साहेब कंदील लावून लिहीत होते. मीही तंबूत पडून राहिलो. खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटत होती. बाहेर उजेड होता अजून. ठेचलेल्या लसणाचा वास येत होता. स्वयंपाकाच्या तंबूत त्या एकट्या बसल्या असतील, पंधरा माणसांच्या भाकऱ्यांची टोपली समोर ठेवून, हे मनातून जाईना. मी उठलो.

त्यांनी मान वर केली नाही. पाट सरकवला, ताट वाढलं.

"भ्या वाटत न्हाई?"

"वाटतं," मी म्हणालो.

"मग जेवा. रिकाम्या पोटी लई वाटतं."

करडईची भाजी होती, लसणाची चटणी, भाकरी. मी एक भाकरी संपवली आणि मग धीर करून विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

ठकूबाईंनी एक लाकूड मागं ओढून जाळ कमी केला. या वेळी त्यांनी चुलीला विचारायला सांगितलं नाही.

"तुम्ही चित्र काढलं न्हवं त्या चुलीचं? जुनी चूल मोठी होती, तिचं तोंड कुणीकडं हाय?"

मी आठवून सांगितलं. दाराच्या बाजूला.

"म्हंजी ती दाराकडं पाठ करून बसायची. वारा पाठीकडनं येतो, धूर पुढं निघून जातो. समद्या बाया तशाच बसत्यात. आन् नवी, ल्हान केली तिचं?"

मी बोटानं हवेत नकाशा काढून पाहिला. तोंड फिरवलेलं होतं. नव्या चुलीपुढं बसलेली बाई आतल्या भिंतीला पाठ करून, दाराकडं बघत बसणार. समोर तो कोपरा. माझ्या हातानं ते चित्र काढलं होतं आणि मी शेजारी 'दुरुस्ती' असं लिहून मोकळा झालो होतो.

"वारा समोरनं. धूर समदा डोळ्यात," ठकूबाई म्हणाल्या. "कुठली बाई आशी चूल घालंल? जिला त्या कोपऱ्यावर डोळा ठिवायचा हाय, तीच घालंल." मग म्हणाल्या, "आन् धूर डोळ्यात गेला म्हंजी डोळ्याला पाणी आलं तरी घरात कुणी इचारत न्हाई."

तुम्हाला हे... असं काहीतरी मी म्हणालो, आणि वाक्य पुरं करता आलं नाही. त्यांनीच पुरं केलं.

भांडगावच्या शिवारात त्यांची मेंढरं बसली होती. शेताला खत व्हावं म्हणून शेतकरी मेंढरं बसवून घेतात. तीन-चार दिवस एका रानात, मग दुसऱ्या. मुलगा अकरा महिन्यांचा. म्हाळू नाव. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी दुपारी गेला. सासऱ्यांनी बांधाच्या कडेला खड्डा केला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढं निघायचं ठरलेलं होतं, कारण पुढच्या शेतकऱ्याला शब्द दिला होता आणि तीनशे मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत. ठकूबाई उठल्या, चुलीचे तीन दगड बाजूला केले, घोड्यावर सामान लादलं आणि चालू लागल्या. वर्षानं पुन्हा त्या बाजूला आल्या तेव्हा शेतकऱ्यानं बांध मोडून रान एक केलं होतं. छातीइतकी ज्वारी उभी होती. दाण्यात आलेली. त्या ज्वारीत शिरल्या, आणि कुठं बघायचं ते न कळून परत फिरल्या. कुठं गेली होतीस, असं नवऱ्यानं विचारलं. भाजी बघाया गेल्ते, असं सांगितलं.

"हिनं घरातच ठिवलं," त्या म्हणाल्या. "पायाजवळ न्हाई, नजरंसमोर. शानी होती."

मग माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली आणि तिचा पापुद्रा काढून आत चटणी भरून दिली. मी ती संपवली.

बिस्किटांवर पंधरा माणसं फार काळ तग धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोघे तंबूच्या दारात उभा राहून विचारू लागला, की मिलो आणि ज्वारीचं प्रमाण नेमकं किती, अभ्यासासाठी हवं आहे. ठकूबाईंनी त्याच्यापुढं ताट ठेवलं. तीन भाकऱ्यांपर्यंत अभ्यास चालला. मग बाकीचे आले. गड्यांनी नदीच्या बाजूला नवा खड्डा धरला. भीती गेली असं नाही, पण जेवणाच्या वेळी ती बाहेर थांबू लागली.

फाल्गुनात उन्हं तापली आणि तळ मोडायची वेळ झाली. मडकी गवतात गुंडाळून खोक्यात बसवली. हाडं वेगळी, कापसात ठेवून, हातभर लांबीच्या एका लाकडी पेटीत. ठकूबाई ते बांधणं लांबून बघत होत्या. मग साहेबांपाशी आल्या आणि हे कुठं नेणार, असं विचारलं.

साहेबांनी पुण्याला म्हणून सांगितलं. कपाटात ठेवू, अभ्यास करू.

"छपराखाली हाय न्हवं?"

"पक्की इमारत आहे."

"माणसांचा राबता असतो? झाडलोट व्हती रोज?"

साहेब कधी खोटं बोलत नसत. त्यांनी विचार करून उत्तर दिलं, रोज होते, आणि दिवसभर कुणी ना कुणी त्या खोलीत असतं. ठकूबाई मग बरं म्हणाल्या. आणि शिरूरपर्यंत गाडीतून येऊ का, असं विचारलं. शिरूरला काय काम आहे, हे साहेबांनी विचारलं नाही.

इस्माईलभाईंच्या ट्रकमध्ये पुढं ते, ठकूबाई आणि मी असे तिघं बसलो. पेटी मागं सामानात ठेवलेली होती; ठकूबाईंनी ती मागून घेतली आणि मांडीवर धरली. रस्ता कच्चा. इस्माईलभाई एरवी खड्डा दिसला की शिवी देऊन वेग वाढवणारे. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला गाडी जवळजवळ उभी करत होते. ठकूबाई पेटीवर एक हात ठेवून बाहेर बघत होत्या. उभी पिकं निघून गेली होती, रानं रिकामी होती. वाटेत एका ठिकाणी मेंढरं बसलेली दिसली, तिथं त्यांनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं.

शिरूरच्या मोटार स्टँडपाशी गाडी थांबली. त्यांना दुपारच्या एसटीनं परत जायचं होतं. मी पेटी घ्यायला दोन्ही हात पुढं केले, पार्सल घेतात तसे. त्यांनी ती दिली नाही. आधी माझा डावा हात धरला, कोपरात वाकवला, थोडा वर उचलला. मग पेटी त्या हातावर ठेवली.

"मानंखाली हात असू द्या," त्या म्हणाल्या.

उतरल्या आणि मागं न बघता गर्दीत शिरल्या. इस्माईलभाईंनी बराच वेळ गाडी सुरू केली नाही. नंतर केली. तिथून पुण्याला पोचेपर्यंत माझ्या हाताला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला. पण मी हात बदलला नाही.